मनात आकृती फिरत नाही, तेव्हा नेमकं काय अडतं?

निपाणीकडच्या एका मुलीने विचारलंय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात चांगले मार्क, म्हणून डिप्लोमाला मेकॅनिकल घेतलं. पण ड्रॉइंगच्या तासाला ‘ही वस्तू डावीकडून कशी दिसेल ते काढा’ म्हटलं की डोकं बंद पडतं. डोळे मिटले तरी काही दिसत नाही. शेजारची मुलं मात्र पटापट काढून मोकळी होतात. त्यात कुणीतरी तिला सांगितलंय की ही देणगी जन्माने मिळते आणि मुलींना ती कमीच असते. आता ती विचारतेय, शाखा बदलू का? की मोबाइलवर ठोकळ्यांचे गेम खेळून काही फरक पडेल?

मी बरीच वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांसाठी, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांसाठी, लाकडी पॅटर्न (ज्याचा ठसा वाळूत उठवून साचा करतात तो नमुना) केले आणि आता पोरांना ड्रॉइंग शिकवतो. म्हणजे मनात वस्तू उलटीपालटी करण्यावरच आजवर पोट चाललंय. मानसशास्त्राचं मी वाचलंय ते हौसेने, पण त्यातलं बरंचसं लाकडावर पडताळून बघता आलं. उत्तर लांबेल, सवडीने वाच.

आधी खरा प्रश्न वेगळा काढू. तू लिहितेस, ‘मला दिसत नाही’. पण पेपरात तुला दिसतं का असं कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की वस्तू अशी वळवली तर हा कोपरा कुठं जाईल, आणि ही कड पुढं येईल की मागं लपेल. डोळ्यांपुढं लख्ख चित्र उभं राहणं वेगळं आणि जागांचा हिशेब लागणं वेगळं. आमच्या वर्कशॉपमधल्या सगळ्यात पक्क्या मेस्त्रींना कागदावर धड बैल काढता येत नव्हता. पण ड्रॉइंग हातात आलं की पार्टिंग लाइन, म्हणजे साचा जिथं दोन भागांत उघडतो ती रेषा, कुठून जाणार हे ते चहा संपायच्या आत सांगायचे. उलट सुंदर चित्रं काढणारी मुलं माझ्याकडे येतात आणि साध्या पायरीच्या ठोकळ्याला अडतात.

काही माणसांना तर डोळे मिटल्यावर चित्र येतच नाही. ब्रिटनमधले मेंदूतज्ज्ञ अ‍ॅडम झीमन यांनी २०१५ साली या अवस्थेला ‘अफँटेशिया’ असं नाव दिलं. त्याआधी, २०१० मध्ये, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गृहस्थांचा अभ्यास मांडला होता. त्यांची मनात चित्र आणण्याची क्षमता अचानक गेली होती. तरी आकृती फिरवून ओळखण्याच्या चाचणीत त्यांची उत्तरं बरोबर आली, फक्त उत्तराला लागणारा वेळ इतरांसारख्या चालीने वाढत नव्हता. याचा अर्थ चित्राशिवायही वाट सापडते. तेव्हा अंधार दिसतो म्हणून घाबरू नकोस.

आता मन आकृती फिरवतं म्हणजे काय करतं ते बघू. यातला गाजलेला प्रयोग १९७१ सालचा, ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रॉजर शेपर्ड आणि त्यांची विद्यार्थिनी जॅकलिन मेट्झलर यांनी दहा-दहा घन एकमेकांना चिकटवल्यासारख्या, तीन ठिकाणी काटकोनात वळलेल्या आकृत्या काढल्या. अशा दोन आकृत्या शेजारी शेजारी दाखवायच्या आणि विचारायचं, ही एकच वस्तू वळवून ठेवली आहे की दोन निराळ्या वस्तू आहेत? निराळी असेल तेव्हा ती आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी असायची. आठ माणसं, सोळाशे जोड्या. दोन आकृत्यांमध्ये वळणाचा कोन जितका जास्त, तितका उत्तराला वेळ जास्त लागला, आणि तोही सरळ रेषेत वाढत गेला. कोन शून्य असताना साधारण एक सेकंद, १८० अंशांना चार सेकंदांच्या वर. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे ६० अंश. गंमत म्हणजे कागदाच्या पातळीत वळवलेली आकृती असो की कागदाच्या आत-बाहेर वळवलेली, वेग जवळपास तोच. जणू हातात खरी वस्तू धरून फिरवावी तसं मन एकेक कोन ओलांडत जातं.

हे वाचून बहुतेकांचा समज होतो की मनात आख्खी वस्तू एकदम गरगर फिरते. तूही तेच करायला जातेस असं तुझ्या प्रश्नावरून वाटतं: सगळा ठोकळा, सगळ्या कडा, सगळी भोकं एका दमात उचलायची आणि वळवायची. अर्ध्यात पोचेपर्यंत अर्ध्या कडा गळून पडतात. पडणारच. एवढं ओझं कुणाच्याच डोक्यात मावत नाही.

१९७६ साली मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कारपेंटर यांनी याच आकृत्या सोडवताना लोकांची नजर कुठं कुठं जाते ते टिपलं. नजर आख्ख्या आकृतीवर ठरत नव्हती. आधी दोन्ही आकृत्यांमधलं एकमेकांशी जुळणारं टोक शोधायची. मग त्या दोन टोकांमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करायची आणि त्या वेळात टोक टप्प्याटप्प्याने वळवून बघितलं जायचं. शेवटी दुसऱ्या टोकाकडे जाऊन, तिथंही तेच वळण लागू पडतं का याची खात्री करायची. शोध, वळव, पडताळ. चांगलं सोडवणारेसुद्धा तुकड्यातुकड्यानेच सोडवतात.

शहापूरच्या जुन्या घरात अरुंद जिन्यावरून लाकडी कपाट वर नेताना कधी पाहिलंस का? खाली उभा राहून सूचना देणारा माणूस कपाटाकडे बघत नाही. तो एकच कोपरा बघतो. ‘ह्यो पाय आधी घाला, आता अंमळ वळवा की!’ कोपरा निघाला की बाकीचं कपाट त्याच्या मागं जातंच, कारण ते मोडत किंवा वाकत नाही. घन वस्तूचा हाच फायदा आहे. एक कोपरा आणि त्यातून निघणाऱ्या तीन कडा कुठं गेल्या ते कळलं की उरलेल्या सगळ्या वस्तूची जागा ठरून जाते. तुला फिरवायचा आहे तो तेवढाच कोपरा.

म्हणून माझ्या वर्गात पहिलं काम एकच: वस्तूवरची सगळ्यात वेगळी खूण शोधणं. खाच, तिरकी कड, एका बाजूचं भोक, काहीही, पण दुसऱ्या बाजूला नसलेलं. तिला ‘ए’ म्हणा. तिच्याजवळच्या दोन कोपऱ्यांना ‘बी’ आणि ‘सी’. आमच्याकडे निम्मी पोरं मराठीत विचार करतात, निम्मी कानडीत आणि पुस्तक इंग्रजीत. ‘टॉप’, ‘साइड’, ‘मागची’, ‘पाठीमागची’ या शब्दांत जेवढा गोंधळ होतो तेवढा भूमितीत होत नाही. तुझी अडचण निम्मी इथलीही असू शकते. दहावीपर्यंत समोरून-वरून म्हणत आलेली मुलगी अचानक एलिव्हेशन आणि प्लॅन ऐकते, शब्द मनात उलगडेपर्यंत सर फळ्यावर पुढं गेलेले असतात. कोपऱ्यांना अक्षरं दिली की ही भानगड मिटते.

आणि ती पटापट काढणारी मुलं? त्यांनी तो ठोकळा आधी कुठंतरी पाहिलाय. शेपर्ड यांच्याच पुढच्या एका कामात, १९८८ साली, असं दिसलं की अनोळखी आकृती जितकी गुंतागुंतीची तितकी ती फिरवायला जड जाते, पण तीच आकृती सरावाने ओळखीची झाली की हा फरक नाहीसा होतो. तेव्हा कुठं ती एकसंध उचलता येते. ज्या पोराच्या घरी लेथ आहे, किंवा जो सुट्टीत मच्छेच्या वर्कशॉपमध्ये काकाबरोबर जातो, त्याने व्ही-ब्लॉक आणि बेअरिंगचा ब्रॅकेट हातात घेतलेला असतो. तो फिरवत नाही, आठवतो. तू त्याच्याशी स्वतःची तुलना करतेस तेव्हा तुझी पहिली भेट आणि त्याची शंभरावी भेट एकाच मापात धरतेस.

आता सगळ्यात चुका होतात ती जागा. यावर जरा थांबतो, कारण आमच्या धंद्यात रिजेक्ट झालेल्या मालाचं हे मोठं कारण असतं. फिरवणं आणि आरशात उलटवणं या दोन गोष्टी मनाला सारख्याच वाटतात. देवनागरीतला ३ आणि ६ घे. ३६ लिहिलं की दोघं पाठीला पाठ लावून उभे, ६३ लिहिलं की तोंडाला तोंड. जवळजवळ आरशातली जोडी. बालवाडीतली पोरं तीनच्या जागी सहा काढतात ते यामुळे. इंग्रजी छोट्या लिपीत बी आणि डी यांचं तेच. निसर्गात डावीकडून पाहिलेली गाय आणि उजवीकडून पाहिलेली गाय एकच, म्हणून मेंदू डाव्या-उजव्याचा फरक सोडून द्यायला तयारच बसलेला असतो. अक्षरं शिकताना ती सवय मुद्दाम मोडावी लागते. संशोधनातही हेच निघालं: तिरकं ठेवलेलं अक्षर कोणतं आहे एवढंच सांगायचं असेल तर मनात फारसं फिरवावं लागत नाही, पण ते सरळ आहे की आरशातलं आहे हे सांगायचं असेल तर फिरवणं भाग पडतं. लिन कूपर आणि शेपर्ड यांनी १९७३ मध्ये सरळ आणि उलट्या अक्षरांवर केलेले प्रयोग याच प्रकारचे होते.

पॅटर्न शॉपमधलं उदाहरण सांगतो. पाइपच्या एल्बोला, म्हणजे वळणाच्या तुकड्याला, आतून पोकळी हवी, म्हणून वाळूचा कोअर, म्हणजे आतला गाभा, लागतो. कोअर दोन अर्धांत करून चिकटवतात. प्रश्न असा: एकाच कोअर बॉक्समधून (कोअर ज्यात घडवतात ती पेटी) दोन्ही अर्ध निघतील, की डावी-उजवी अशा दोन बॉक्स कराव्या लागतील? दोन्ही अर्ध एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, हे खरं. पण एल्बोचे दोन्ही पाय सारख्या लांबीचे आणि सारख्या तोंडाचे असतील, तर एक अर्ध वळणाच्या मधल्या रेषेभोवती १८० अंशांत पालथं घातलं की ते नेमकं दुसऱ्या अर्धाच्या जागी बसतं. एक बॉक्स पुरते. एक पाय जरासा लांब असला की खेळ संपला. कितीही फिरवा, लांब पाय आखूड पायावर येणार. दोन बॉक्स कराव्याच लागतात. कागदावर हा फरक एका आकड्याचा असतो आणि लाकडात दुप्पट कामाचा. नवीन पोरगा दोन्ही ड्रॉइंगं बघून ‘सेमच आहेत की ओ’ म्हणतो, तेव्हा त्याचं मन आरसा लावून मोकळं झालेलं असतं.

यावर उपाय एकच, तीन खुणा. एका कोपऱ्यावर उभं राहून ‘ए’वरून ‘बी’कडे, ‘बी’वरून ‘सी’कडे जाताना घड्याळाच्या दिशेने जातोय की उलट, हे वस्तूच्या बाहेरून बघायचं. वस्तू कितीही फिरवली तरी ही दिशा बदलत नाही. बदलली असेल तर तू फिरवलं नाहीस, आरसा लावलास. शीट सबमिट करायच्या आधी एवढं पडताळलं तरी तुझ्या निम्म्या चुका पकडल्या जातील.

पुढची गोष्ट हाताची. वर्गात बोटं फिरवून बघायला मुलांना लाज वाटते, काही सर टोकतातही. मी उलट सांगतो, फिरव. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की मनात आकृती ज्या दिशेने फिरवायची आहे त्याच दिशेने हात फिरवत असलो तर काम सोपं जातं, आणि हात उलट्या दिशेने फिरत असेल तर अडथळा येतो. त्याहून आधी, १९८७ मध्ये, लॉरेन्स पार्सन्स यांनी लोकांना हाताची चित्रं दाखवून डावा की उजवा ते विचारलं. ज्या स्थितीत स्वतःचा हात न्यायला अवघड, ते चित्र ओळखायला वेळ जास्त. म्हणजे मनातलं फिरवणं नुसतं डोळ्यांचं काम नाही, हात हलवायची तयारी करणारी यंत्रणाही त्यात उतरते. आमचे मेस्त्री ड्रॉइंग बघताना तळवा उताणा-पालथा करत असायचे. कोप, ड्रॅग, म्हणजे साच्याची वरची पेटी आणि खालची पेटी, हे त्यांच्या दोन तळव्यांत चाललेलं असायचं. तेव्हा मला ती लकब वाटायची.

आता ‘मुलींना जमत नाही’ याबद्दल. गोलमाल न करता सांगतो. १९७८ सालची व्हँडेनबर्ग आणि कूज यांची एक कागदावरची चाचणी आहे, शेपर्डच्याच आकृत्यांवर बेतलेली. त्यात पुरुषांची सरासरी बायकांपेक्षा वर येते, आणि हा फरक पुष्कळ ठिकाणी पुन्हा पुन्हा सापडलाय. पण सरासरी ही सरासरी. दोन्ही गटांत भरपूर सरमिसळ असते आणि पुष्कळ मुली पुष्कळ मुलांच्या पुढं असतात. दुसरं, वेळेचं बंधन सैल केलं की फरक कमी होतो. तिसरं आणि तुझ्या कामाचं: २०१३ मध्ये डेव्हिड उट्टाल आणि सहकाऱ्यांनी सरावाबद्दलचे २१७ अभ्यास एकत्र तपासले. सरावाने ही क्षमता मुलग्यांची आणि मुलींची, दोघांचीही सुधारते, आणि सुधारणा टिकते, असा निष्कर्ष निघाला. एक बारकं पण मजेशीर: १९८२ साली कबुतरांवर अशीच आरशातली आकृती ओळखायची परीक्षा झाली. आकृती कितीही तिरकी असली तरी त्यांच्या वेळेत फरकच पडला नाही. या कामात ती माणसापेक्षा सरस ठरली. पटकन आकृती ओळखण्यालाच हुशारी म्हणणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही.

गेमबद्दल विचारलंस. खेळ हवं तर, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस. टेट्रिस या पडणारे तुकडे फिरवून बसवायच्या गेममध्ये तरबेज असलेल्यांवर २००२ साली एक अभ्यास झाला. टेट्रिसचे तुकडे आणि त्यांच्यासारखे आकार ते झटपट फिरवायचे, इतर आकृत्यांना ते चारचौघांसारखेच. सराव ज्या मालाचा, सुधारणा त्या मालाची. तुला ब्रॅकेट आणि ठोकळे काढायचेत तर तेच हातात घे. साबणाची वडी घे, नाहीतर आपल्याकडचं मोठं कच्चं रताळं. पुस्तकातली पुढची आणि वरची अशी दोन दृश्यं बघून चाकूने वस्तू कोर, मग तिसरं दृश्य त्या वस्तूकडे बघून काढ. काही दिवसांनी कोरायच्या आधी तिसरं दृश्य काढ आणि मग कोरून पडताळ. हा क्रम उलटा होतो तेव्हा फिरवणं हातातून डोक्यात गेलेलं असतं. घाई केलीस तर नुसत्या भाजीच्या फोडी होतील.

एक ठोस गाठ सोडवून देतो, कारण ती बहुतेकांना असते. दृश्यं कागदावर कुठं मांडायची यासाठी आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात. त्यात डावीकडून दिसणारं दृश्य उजवीकडे काढतात आणि वरून दिसणारं खाली. मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेत उलटं करतात. पाठ करू नकोस. काडेपेटीच्या सहाही बाजूंवर पेनाने खुणा कर आणि पुढची बाजू तुझ्याकडे येईल अशी, पाठीवर उताणी, कागदावर ठेव. आता तिला उजवीकडे एक कोलांटी दे. वर कुठली बाजू आली? डावी. म्हणून डावं दृश्य उजवीकडे. पुन्हा मूळ जागी आण आणि स्वतःकडे, कागदाच्या खालच्या बाजूला, कोलांटी दे. वर येईल ती वस्तूची वरची बाजू. म्हणून ती खाली. बस, आख्खी फर्स्ट अँगल पद्धत एवढ्यात आली. थर्ड अँगल या दुसऱ्या पद्धतीत वस्तू लोळवायची नाही, वस्तूभोवती काचेची पेटी कल्पून तिच्या भिंती उलगडायच्या, म्हणून जागा उलट्या येतात.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुझी अडचण ठोकळे फिरवण्याची आहे की तुटक रेषांची, म्हणजे लपलेल्या कडांची? दोन्हीचे उपाय वेगळे. उघड्या वेळात बरोबर येतं आणि घड्याळ लावलं की चुकतं, असं असेल तर तुला फिरवता येतं, फक्त वेग नाही, आणि वेग ओळखीने येतो. तासभर बसूनही पायरीच्या साध्या ठोकळ्याचा एकही कोपरा बसत नसेल, तर आधी डोळे तपासून घे. हे मी थट्टेने म्हणत नाही, चष्म्याचा नंबर वाढलेली मुलं फळ्यावरची तुटक रेषा सलग समजून काढताना मी पाहिली आहेत.

शाखा बदलण्याबद्दल: पहिल्या सेमिस्टरच्या ड्रॉइंगवरून तो निर्णय घेऊ नये असं माझं मत. मेकॅनिकलमध्ये पुढं थर्मल आहे, मटेरियल आहे, प्रॉडक्शन आहे. तिथं हा ताण कमी. शिवाय आता कॅडवर, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये, मॉडेल स्क्रीनवर माउसने फिरवता येतं. पण माउस फिरवायच्या आधी एक क्षण थांबून कोपरा कुठं येणार याचा अंदाज बांधायचा आणि मग बघायचं. अंदाज न बांधता नुसतं गोल गोल फिरवत बसलं तर शिकणं होत नाही, मनोरंजन होतं. यंत्रांची आणि लोखंडाची तुला मनापासून नावड असेल तर तो वेगळा विषय, त्यासाठी ड्रॉइंगला दोष देऊ नकोस.

महिनाभर असं करून बघ. पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा ‘जमत नाही’ एवढंच लिहू नकोस. कुठल्या आकृतीच्या कुठल्या कोपऱ्याला अडलीस ते लिही, तुझ्या शीटचा फोटो लाव, आणि कोपऱ्यांवर ए, बी, सी टाकलेलं असू दे. मग त्याच आकृतीवर बोलू.